न पडलेला शेरा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही. आईला तर नाहीच — तिला कोणत्या तोंडाने सांगणार? ज्याच्या तोंडून मी माझं खोटं वदवून घेतलं, तो तिचा पाठचा भाऊ. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि सांगताना तुमच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते. माझा राग अजून गेलेला नाही. असं सगळं सांगून टाकणारी माणसं म्हणे मनाने निवलेली असतात. मी निवलेले नाही. पेपरात मृणालिनी मॅडमचा फोटो दिसला की अजून माझे दात आवळले जातात, आणि पान उलटण्याआधी मी तो फोटो नीट बघून घेते — थकल्यासारख्या दिसतायत का, डोळ्यांखाली काळं आलंय का. हे वाचून मी तुम्हाला आवडेनाशी झाले, तरी चालेल.

कुठून सांगू? खोकडापासूनच सांगते.

खोकड म्हणजे आपल्या माळावरचा छोटा कोल्हा. मांजरापेक्षा जरा थोराड, अंग मातकट, शेपटीचं टोक काळं. तो जंगलात राहत नाही. त्याला उघडा माळ लागतो, खुरटं गवत लागतं, उंदीर, टोळ, बोरं लागतात. आणि उघड्या माळाला आपल्याकडे कोणी जंगल म्हणत नाही, पडीक म्हणतात. चाकणच्या बाजूला एकदा पडीक म्हटलं, की पुढचा शब्द प्लॉट.

मी चिंचवडची. वडील पिंपरीत एका कंपनीत प्रेस शॉपला होते. ते रात्रपाळी करून आले की दिवसभर घरात सगळ्यांनी पाय न वाजवता चालायचं. ती सवय मला पुढे माळावर उपयोगी पडली. आईचं माहेर कुरुळीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत. गावाचं नाव सांगणार नाही. गावाच्या वरच्या अंगाला मोठं गायरान होतं, आणि सुट्टीत गेलं की बबनमामा मला खांद्यावर बसवून तिकडे न्यायचे. खोकडाची बिळं दाखवायचे. "ह्ये बघ मने, एका घराला चार दारं. येड्याचं काम न्हाई ते." मला मनीषा कोणी म्हणायचं नाही तिथे. मनेच.

मामांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांची थोडी शेती गायरानाच्या कडेला, कांदा आणि ज्वारी. घराच्या मागे कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या. एकेकाळी पंचायतीत होते, मग सोडलं. पण गावात भांडण झालं की दोन्हीकडचे त्यांच्याकडे यायचे, कारण हा माणूस ऐकीव गोष्ट बोलत नाही अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती लक्षात ठेवा. मी तिचाच वापर केला.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मृणालिनी मॅडमच्या हाताखाली लागले. त्या वेळी मी त्यांच्यावर जीव टाकायचे, हेही खरं. संशोधन कागदावर राहून उपयोग नाही, ते कायद्यात गेलं पाहिजे आणि लोकांच्या बोलण्यात आलं पाहिजे — असं त्या म्हणायच्या आणि म्हणताना त्यांचा आवाज कापायचा. खोटा नव्हता तो आवाज. मुंबईतले अधिकारी त्यांचा फोन उचलायचे. माळरानं वाचवायची तर एक तरी माळ कायद्याने राखून दाखवला पाहिजे, असं त्यांच्या मनात होतं. मी म्हणाले, मॅडम, माझ्या मामांच्या गावाला एक गायरान आहे.

मी म्हणाले. मी. पुढे हे कोणाच्या आठवणीत राहिलं नाही.

काही वर्षं मी त्या गायरानावर काढली. भोसरीहून चाकणची बस, मग सिक्स-सीटर, मग चालत. पुष्कळदा मामांकडेच मुक्काम. शिमग्याच्या सुमारास पिल्लं बिळाबाहेर यायला लागतात, तेव्हा पहाटे जाऊन पालथं पडून राहायचं. एकदा रस्त्यावर ट्रेलरखाली मेलेली मादी सापडली आणि मला प्रश्न पडला — बाकीची कशी जगतात? गायरानाच्या दोन तुकड्यांमधून कंपन्यांकडे जाणारा रस्ता गेलेला, त्यावर रात्रंदिवस गाड्या. मग ती पलीकडे जातात कुठून? रस्त्याखाली पावसाच्या पाण्यासाठी एक सिमेंटची मोरी होती. मी मामीच्या चुलीतली राख चाळली आणि संध्याकाळी मोरीच्या तोंडाशी पातळ पसरून आले. सकाळी राखेवर पावलं. नाजूक, ओळीत, जातानाची आणि येतानाची. मी तिथेच उकिडवी बसून रडले, आणि मामी म्हणाली, अगं राख पायजे तर अजून घे की, रडती कशाला.

खोकड रस्ता ओलांडायला मोरी वापरतं, म्हणजे मोऱ्या मोकळ्या ठेवल्या तर माळाचे तुकडे जोडलेले राहतात — ही गोष्ट त्या भागात पहिल्यांदा मला कळली. माझ्या डोक्यातून आली, माझ्या मामीच्या राखेवर उमटली. मी धावत जाऊन मॅडमना सांगितली.

नंतर पुण्यात एका सभागृहात मोठी बैठक झाली. वन खात्याचे लोक, रस्त्यांचे इंजिनिअर, कॉलेजांतले प्राध्यापक. मॅडमनी पडद्यावर राखेतली पावलं दाखवली आणि म्हणाल्या, "तेव्हा माझ्या लक्षात आलं..." माझ्या. मी तिसऱ्या रांगेत होते. वाटलं, पुढे नाव घेतील. राखेचंही त्यांनी स्वतःचंच म्हणून सांगितलं, लोक कौतुकाने हसले. शेवटी एका अधिकाऱ्याने विचारलं, तिथे रोज कोण जातं? तेव्हा त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही आमची मनीषा. लोकल आहे. गावात हिची फार मदत होते."

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वाक्याचं काय धरून बसलीस? मीही स्वतःला तेच म्हटलं. घरी जाताना बसमध्ये म्हटलं, जेवताना म्हटलं. मग पीएचडीसाठी अर्ज करायची वेळ आली आणि मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. फार मायेने बोलल्या. "मनीषा, संशोधन हा तुझा पिंड नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. तू लोकांशी बोलायला चांगली आहेस. आपल्याला तशीही माणसं लागतातच ना?"

तशीही!

मी काय केलं? मी "हो मॅडम" म्हणाले. तो चहा संपवला. वर 'थँक यू' म्हणाले. मला नवीन पद मिळालं, जनसंवाद समन्वयक. आईने शेजारच्या बायकांना माझं कार्ड दाखवलं. आणि त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं. पण वाट बघत होते एवढं नक्की. सूड असा एकदम येत नाही. तो आधी घरात येऊन बसतो, जेवतो, झोपतो, तुमच्या बरोबर कामाला येतो.

मॅडमचा बेत असा होता. गायरानाला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करून घ्यायचं. म्हणजे ती जागा तशीच राखायची, तिथे शेड किंवा पार्किंग होऊ द्यायचं नाही, पण गुरं-शेळ्या चारायला बंदी नाही. शास्त्राची बाजू तयार होती. मुंबईचे अधिकारी अनुकूल होते. राहिली होती फक्त गावाची संमती. ग्रामसभेत ठराव झाला की काम फत्ते. आणि गावाला तयार करायचं काम माझं.

ते मी चोख केलं, हे मला सांगू द्या. गरजेपेक्षा जास्त चोख. शाळेत मुलांना खोकडाच्या पिल्लांचे व्हिडिओ दाखवले. शेळ्यावाल्या बायकांबरोबर माळावर बसून भाकरी खाल्ली. पारावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, खोकड गेलं तर उंदीर तुमच्या कांद्यात येतील. सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा, फिरून फिरून तोच — आमच्या सातबाऱ्याला काय होणार? त्या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव. सातबाऱ्यावर सरकारचा एखादा शेरा पडला, म्हणजे त्या कागदावर बंधनाची एक ओळ जरी चढली, की जमीन विकता येत नाही, कर्ज मिळत नाही, पोरीचं लग्न अडतं. मी प्रत्येकाला सांगत होते, काही होणार नाही. गायरान सरकारी, खाजगी जमिनीला हातसुद्धा लागत नाही. ते खरं होतं. मी तपासलं होतं, मॅडमनी वकिलाकडून तपासून घेतलं होतं. हळूहळू लोक मान हलवायला लागले. शेळ्यावाली एक मावशी म्हणाली, "तू म्हनतीस तर व्हय म्हनू."

तू म्हणतेस तर! ऐकताय ना?

ग्रामसभेच्या थोडं आधी मॅडमनी मला बोलावलं. खुशीत होत्या. म्हणाल्या, ठराव झाला की गावातलं तुझं काम संपलं, पुढे तुला दुसरीकडे पाठवू. आणि एक आनंदाची बातमी. बाहेरून शिकून आलेला एक मुलगा या खोकडांवर पीएचडी करायला येतोय, मोऱ्यांचाच विषय घेतोय. "तू त्याला बिळं दाखव. तुझ्याइतका तो माळ कोणाला माहीत आहे?"

मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचा फोटो बघत होते. खोकडाची मादी, तोंडात पिल्लू. मी काढलेला. मी म्हणाले, "दाखवते, मॅडम."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मामांकडे गेले.

आता इथे आले की माझं पेन अडतं. प्रत्येक वेळी अडतं. मनात कितीदा हे कोणाला तरी सांगितलं असेल मी, आणि इथे आले की दरवेळी गाडी दुसरीकडे वळवली — मॅडम कशा होत्या, काय बोलल्या. ते सगळं खरंच आहे. पण मामांनी माझं काय वाकडं केलं होतं?

मामा कांद्याच्या चाळीपुढे बसून कांदे निवडत होते. मीही बसले, निवडायला लागले. जरा वेळाने ते म्हणाले, "मने, लोकांना सांगायचं ते सांगितलंस. आता मामा म्हनून मला सांग. ह्यात सातबाऱ्याला काय व्हत न्हाई ना?"

काही होत नाही, मामा. एवढंच बोलायचं होतं. सगळ्या गावाला तेच सांगून आले होते, जिभेला सवय झाली होती. मी गप्प राहिले. मुद्दाम राहिले. त्यांचा हात थांबेपर्यंत.

मग म्हणाले, "मामा, माझं नाव घेऊ नका. पण शेरा पडणार."

"कशावर?"

"गायरानाला लागून जेवढे गट आहेत, सगळ्यांवर. विकायचं झालं तर परवानगी लागेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आन आत्तापातूर बोलली न्हाईस?"

"नोकरी आहे ना, मामा. काय करू?"

खोटं बोलले ते बोलले, वर बिचारी झाले. मामांच्या चेहऱ्यावरचा राग माझ्यासाठी निवळताना मी पाहिला. त्यांनी मातीच्या हाताने माझ्या डोक्याला स्पर्श केला आणि म्हणाले, "तू घाबरू नगं. तुझं नाव न्हाई येनार." आणि खरंच, कधीच आलं नाही.

ग्रामसभा देवळापुढच्या मांडवात झाली. एरवी कोरम भरत नाही, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मॅडम हातमागाची साडी नेसून आल्या होत्या, पडद्यावर मी काढलेले फोटो. त्या छान बोलल्या. मग मामा उठले. ओरडले नाहीत. मामा कधी ओरडत नसत. म्हणाले, "बाई, खोकड आमचंबी हाय. पन सातबाऱ्यावर शेरा मारून वाचवायचं असंल, तर आमाला इचारा तरी."

मांडवात सगळीकडून बोलणं सुरू झालं. बबनराव बोलतायत म्हणजे खोटं नसणार. हा एक माणूस उठला आणि महिन्यांमागून महिने मी घातलेली वीण उसवली. मॅडम माइकवरून सांगत होत्या, असा शेरा पडत नाही, कुठेच पडत नाही, हा गैरसमज आहे. कोणी ऐकेना. तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझी खरीखुरी गरज होती.

"मनीषा, तू सांग ना यांना. तुझं ऐकतील."

ऐकलं असतं. त्या शेळ्यावाल्या मावशीने ऐकलं असतं. पहिले मामाच खाली बसले असते. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मॅडमनी माइक माझ्या हातात दिला. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मला कायद्यातलं एवढं कळत नाही, मॅडम. मी फक्त लोकांशी बोलते."

त्यांना कळलं. तो चेहरा — कसं सांगू तुम्हाला? रंग उतरतो म्हणतात ना, तसं नाही. त्या चेहऱ्याला एकदम वय आलं. मला वाटलं होतं, त्या क्षणी मी घाबरेन. नाही. पोटात इतकं गार, इतकं गोड वाटलं, की मला हसू दाबावं लागलं. "ह्यांच्याच मानसाला म्हाईत न्हाई," मागून कोणीतरी ओरडलं. ठराव फेटाळला गेला. पोरांनी मॅडमच्या गाडीवर थापा मारल्या. परतताना मी त्यांच्या शेजारी बसले होते. मोशी मागे गेली. खिडकीतून वारा येत होता, आणि मी सांगते, तसा वारा मला पुन्हा लागलेला नाही.

मी नोकरी सोडली. त्यांनी थांबवलं नाही. कोणापाशी काही बोलल्याही नाहीत. अधिकाऱ्यांनी हात झटकले — गावाचीच इच्छा नसेल तर आम्ही काय करणार? मुंबईत त्यांचे फोन उचलणं कमी झालं, असं ऐकलं. ऐकून जेवण गोड लागलं.

मग काही वर्षांनी चिंचवडच्या एका सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं. मी गेले. कशाला गेले? मोडलेली मूर्ती बघायला. मागच्या रांगेत बसले. आणि त्यांनी त्या गावाची गोष्ट सांगितली. गावाचं नाव न घेता, माझं नाव न घेता. म्हणाल्या, "चूक पूर्णपणे माझी होती. मी शास्त्र घेऊन गेले, कायदा घेऊन गेले. माणसांचं ऐकायला मी कमी पडले. माझ्या अगदी जवळच्या माणसांचंही." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या पुढची मुलगी डोळे पुसत होती. मी एकटीच खुर्चीत बसून राहिले, टाळी न वाजवता. मी केलेली ती एकच गोष्ट पूर्णपणे माझी होती, आणि बाईंनी तीही स्वतःच्या नावावर करून घेतली! त्या शेवटच्या वाक्यात त्यांनी मला माफ केलं होतं का? केलं असेल. कोणी मागितली होती त्यांच्याकडे माफी?

पण मॅडमचं पुरे. मी पुन्हा तिकडेच वळले, बघा.

गायरानाचं काय झालं ते सांगते. राखायचं नाही असं गावाने ठरवल्यावर ते मागणारे पुढे आलेच. ट्रेलर उभे करायला मोठा तळ झाला. मुरूम उपसला, बिळांवरून रोलर फिरला, मोरी भरावाखाली गेली. शेळ्यावाल्या बायकांनी शेळ्या विकल्या. दोघीतिघी आता कंपनीच्या कँटीनला भांडी घासतात, ती मावशीही त्यात आहे. खोकडं काही दिवस रस्त्यावर मरत होती, मग मरायलाही उरली नाहीत.

आणि गाव मामांकडे बघायला लागलं. तुम्हीच म्हणालात ना शेरा पडणार? शेजारच्या तालुक्यात एका गावाने असाच माळ राखून घेतला होता. तिथे कोणाच्या सातबाऱ्यावर काही आलं नव्हतं. लोक जाऊन विचारून आले. मग बोलणं सुरू झालं — बबनरावांना आधीच कोणीतरी गाठलं असणार, ट्रेलरवाल्यांकडून त्यांनी खाल्लं असणार. भांडणं मिटवायला लोक दुसऱ्यांकडे जायला लागले. मामा पारावर बसेनासे झाले.

एकदा दुपारी ते आमच्या चिंचवडच्या घरी आले. असे न कळवता कधी येत नसत. आई त्यांच्यासाठी काही आणायला खाली गेली, आणि आम्ही दोघंच उरलो. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तलाठ्याला इचारलं. असं काय नसतंय म्हनला."

मी टेबलावरच्या पेपरची घडी घालायला लागले.

"गावात इचारत्यात, तुमाला कुनी सांगितलं. मी म्हनलं, ध्यानात न्हाई. कुटंतरी ऐकलं आसंल."

ज्या माणसाने जन्मात ऐकीव बोललं नाही, त्याने माझ्यासाठी हे सांगितलं होतं. मी तेव्हा तरी बोलायचं ना? मला वाटतं, ते त्यासाठीच आले होते. का केलंस, एवढं ऐकायला. मी विचारलं, "चहा ठेवू, मामा?" ते उठले. आई येईपर्यंतही थांबले नाहीत. दारात चपला घालताना म्हणाले, "येतो. तुमी जपून ऱ्हावा."

तुमी. मला. त्यानंतर आमची भेट झाली, लग्नाकार्यात झाली, पण मने त्यांनी मला पुन्हा म्हटलं नाही. लोकांना वाटायचं, शिकलेल्या भाचीला मान देतात.

मामा गेले, त्याला फार दिवस झालेले नाहीत. दहाव्याला नदीच्या घाटावर लोक जमले होते. फार नव्हते — एके काळी त्या माणसासाठी घाट पुरला नसता. आमच्याकडे दशक्रियेला माइक असतो, चार माणसं दोन-दोन शब्द बोलतात. एक जण बोलला, दुसरा बोलला, आणि त्या दोघांच्याही बोलण्यात गायरानाभोवतीचा वळसा ऐकू येत होता. बबनरावांनी हयातभर न्याय केला, शेवटी माणूस आहे, चुकतं. मामेभाऊ मान खाली घालून बसला होता. मग कोणीतरी म्हणालं, मनीषाताईंना द्या, त्यांचं बोलणं चांगलं असतं.

माइक हातात आला. मॅडम तिथे नव्हत्या. नोकरी नव्हती, सूड घ्यायला समोर कोणी नव्हतं. मामांना आता कोणाचं नाव लपवायची गरज नव्हती. एक वाक्य होतं. शेऱ्याचं मी सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. घाटावरच्या प्रत्येकाला ते समजलं असतं. मामेभावाला मान वर करता आली असती.

मी बोलले. मामांच्या खांद्यावर बसून माळ कसा दिसायचा ते बोलले, कांद्याच्या चाळीतल्या वासाबद्दल बोलले, त्यांच्या जुन्या न्यायाबद्दल बोलले. छान बोलले. बायका पदराने डोळे पुसत होत्या. ते वाक्य मी बोलले नाही. माइक परत दिला आणि आईशेजारी जाऊन बसले. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरं झालं गं, तू बोललीस."

मी हात तसाच राहू दिला.